रोकिताव्याचे भूमिपुत्र

रोकितावा,
४ फेब्रुवारी १९९६

चि. विटेक यास अनेक आशीर्वाद.

तुझं नाताळचं पत्र आणि यार्मिलाने पाठवलेले लोकरी मोजे पोचले. मोजे उपयोगी आहेत. पत्रात तू सहा पानं तुझ्या हृदयावर लिहिली आहेस आणि माझ्या गुडघ्यावर अर्धी ओळ, तेव्हा आभार तेवढे यार्मिलाचेच मान.

पत्रास कारण की आपलं गाव सातशे वर्षांचं झालं आहे. मला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. गेल्या वर्षी शेजारच्या दुबचानने साडेसहाशे वर्षांचा सोहळा केला, बँड लावला, पुस्तक छापलं, तेव्हापासून आपल्या सरपंच हॉफमनच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. शहरातल्या दफ्तरखान्यात माणूस बसवून त्याने कागद शोधून काढला. १२९६ साली कुण्या सरदाराने आत्म्याच्या शांतीसाठी मठाला बारा डुकरं, एक पाणचक्की आणि रोकितावा दान केलं. याच क्रमाने. आता जूनमध्ये सोहळा आहे आणि दुबचानपेक्षा जाड पुस्तक हवं आहे. नाव ठरलंय ‘रोकिताव्याचा भूगोल आणि इतिहास’, आणि ते तू लिहायचं आहेस.

मी हॉफमनला म्हणाले की आमचा विटेक आफ्रिकेतल्या नद्या झोपेत म्हणून दाखवतो, पण आपल्या गावच्या ओढ्यात दोनदा पडला आहे. तो म्हणाला की असा अनुभवी माणूसच हवा. शिवाय लिहिलंस तर तुला ‘मानद भूमिपुत्र’ ही पदवी, मानपत्र आणि चिनी मातीचा एक जग मिळेल. जगाचा रंग मी पाहिला आहे, पदवीवर समाधान मान.

तू कबरीच्या दगडाबद्दल विचारलं होतंस. आई-बाबांच्या दगडावर आईच्या नावाखाली एका नावापुरती जागा आहे. माझं नाव दुबचानला सासरच्या कबरीत एमिलच्या शेजारी जन्मसालासकट कोरून झालंय, नुसतं शेवटचं साल भरायचं राहिलं आहे. दर रविवारी मी माझ्याच नावावरची धूळ पुसते. तेव्हा इथली जागा तुझी, पण घाई नको. पुस्तक आधी संपव.

लोभ असावाच, आणि पत्र त्याहून लवकर असावं.

तुझी ताई,
द्राहोमीरा


प्लझेन,
१८ फेब्रुवारी १९९६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला. डॉक्टरांनी ऊर भरून येऊ द्यायला मनाई केली आहे, तरीही आला. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना दुसऱ्यांचे देश शिकवले. आता माझी जन्मभूमी मला हाक मारते आहे. हॉफमनना माझा होकार कळव. जगाचा रंग कुठला आहे ते कळवलं नाहीस.

पहिल्या प्रकरणाची सुरुवात तुझ्यासाठी उतरवून देतो. ‘रोकितावा हे गाव ओलोमोउत्स शहराच्या वायव्येस नऊ किलोमीटरवर, सुपीक मैदानात, एका रम्य टेकडीच्या पायथ्याशी पहुडलेले आहे. येथील लोक काटक, बोलायला फटकळ आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जमिनीला चिकटून राहिलेले आहेत.’ फटकळ हा शब्द लिहिताना तुझी फार आठवण झाली. एक मदत कर. टेकडीची उंची मला नेमकी सापडत नाही, आणि तिला नावही सापडत नाही. नकाशावर नुसता ठिपका आहे. बाबा तिला काय म्हणायचे?

दगडावरच्या जागेचं मात्र मला पक्कं करून हवं आहे. यार्मिलाच्या माहेरच्यांनी इथल्या दफनभूमीत मोठी कबर घेऊन ठेवली आहे आणि मला तिथे तिच्या मामाच्या शेजारी ठेवायचा बेत चाललाय. हा मामा जिवंतपणी मला पत्त्यांत फसवायचा. मी यार्मिलाला स्पष्ट सांगितलं की माणसाने आपली मुळं जिथे आहेत तिथेच परतावं, आणि माझा कलश रोकिताव्याला जाईल. ती म्हणाली, खुशाल जाऊ दे, बसने जाईल की आगगाडीने तेवढं सांगून ठेव. पण मी गमतीत बोलत नाही, ताई. आजारपणानंतर रात्री जाग येते तेव्हा मला तेवढ्या एका जागेचाच आधार वाटतो. पाथरवटाशी बोलून घे.

तुझ्या गुडघ्याला आराम पडो. लोभाची बाकी वाढवत राहावी ही विनंती.

तुझा,
विटेक


रोकितावा,
२४ मार्च १९९६

चि. विटेक यास अनेक आशीर्वाद.

तुझं हस्तलिखित वाचलं. भूगोल छान आहे. ओढा जिथून वाहायचा तिथूनच वाहतो आहे, आणि टेकडी तू बरीच वाढवलीस त्याबद्दल ती तुझी ऋणी राहील. बाबा तिला टेकडीच म्हणायचे. नाव ठेवणारे लोक ती सोडून गेले होते आणि आपल्याला बटाटे लावायचे होते.

इतिहासात स्वीडिश फौजेने गाव जाळलं त्याला तू चार पानं दिलीस. प्रशियनांनी कोंबड्या पळवल्या त्याला तीन. आगगाडी आपल्याकडे न येता दुबचानला का गेली यावर तू सहा पानं रडला आहेस. मग १९४६ येतं. ते मला दोनदा शोधावं लागलं, कारण ते एका वाक्यात आटोपलं आहे. ‘महायुद्धानंतर गावाच्या लोकसंख्येच्या रचनेत काही बदल घडून आले.’

काही बदल. अरे, अख्खं गाव जर्मन होतं. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला चिकटून राहिलेले जे कुणी होते, त्यांना हातात एकेक बोचकं देऊन मालगाडीत चढवलं. हॉफमनचा बाप युक्रेनकडून आला, पाववाला रुमानियातून, आणि आपण फ्सेतिनच्या डोंगरातून दोन बकऱ्या घेऊन. तू दहा वर्षांचा होतास, तेव्हा विसरलास म्हणू नकोस. आठ महिने आपण पुढच्या खोल्यांत राहिलो आणि ज्यांचं घर होतं ते वेसेली बापलेक मागच्या खोलीत. ओढ्यात पडलास तेव्हा तुला कॉलर धरून बाहेर काढलं ते ओटिलियाने.

आता खरी बातमी. हॉफमनने उत्साहाच्या भरात सगळीकडे जाहिरात दिली की ‘रोकिताव्यात जन्मलेल्या सर्वांना’ सोहळ्याचं आग्रहाचं आमंत्रण आहे. शहरात प्रसूतीचं रुग्णालय झाल्यापासून रोकिताव्यात कुणी जन्मलेलंच नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याची स्वतःची पोरं शहरातली. गावातून एकाचंही उत्तर आलं नाही. जर्मनीतल्या बव्हेरियातून मात्र गठ्ठा आला. जाहिरात तिथे कुणीतरी वाचली, आणि आता भूमिपुत्रांची बस भरून येते आहे. हॉफमन तीन दिवस डोकं धरून बसला होता. आमंत्रण मागे घ्यावं तर दुबचानवाले हसतील, म्हणून घेत नाही.

ओटिलिया वेसेली येणार आहे. तिने पंचायतीला लिहिलंय की घर बघायची इच्छा नाही, घर ज्यांचं आहे त्यांचं असू दे. तिला फक्त आईची कबर बघायची आहे. थेरेसिया वेसेली, १९३८ साली गेली. भिंतीच्या कडेची तिसरी.

ती तिसरी कबर कुणाची आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. बाबा गेले तेव्हा पंचायतीने सोडून गेलेल्यांचे दगड वाटून टाकले होते, आणि आईने आपल्या घराचाच, म्हणजे वेसेलींचा दगड मागून घेतला. म्हणाली, चूल घरासोबत आली तसा दगडही. पाथरवटाने तो नुसता फिरवला आणि कोऱ्या बाजूवर बाबांचं नाव घातलं. मागे भिंत आहे, आणि वेल आईने लावली. मागचं नाव तसंच आहे.

मी काय करू ते लिही. लोभ राहू दे, उत्तर आधी दे.

तुझी ताई,
द्राहोमीरा


प्लझेन,
५ एप्रिल १९९६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानंतर डॉक्टरांकडे जावं लागलं. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत आहे.

तू काही करू नकोस. हे मी इतिहासकार म्हणून सांगतो. इतिहासात कित्येक गोष्टी अशा असतात की त्यांच्यावर वेल वाढलेली बरी. ती वेल दाट आहे का? नसेल तर खत घाल. त्या बाईला सांग की जुन्या कबरी काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. ‘काळाच्या ओघात’ हे शब्द फार उपयोगी आहेत, मी पुस्तकात ते सढळ हाताने वापरले आहेत. वेसेली कुटुंब मला अंधुक आठवतं. लहान होतो मी.

आणि विचार कर, तू खरं सांगितलंस तर काय होईल. गावातल्या निम्म्या कबरींचे दगड असेच फिरवलेले आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मूग गिळून आहेत. तू तोंड उघडलंस की तुला पावाच्या दुकानात कुणी पाव देणार नाही. तिने उद्या दगड परत मागितला तर आई-बाबांच्या डोक्यावर काय ठेवायचं? आणि त्या दगडावर माझी जागा आहे. मी तुला विनवणी करतो, ती धोक्यात घालू नकोस.

१९४६ चं वाक्य मी बदललं आहे. ‘काही बदल’ऐवजी ‘लक्षणीय बदल’ केलं आहे. आता तरी तुझं समाधान व्हावं.

कृपालोभ असावा आणि मौन असावं.

तुझा,
विटेक


रोकितावा,
१९ मे १९९६

चि. विटेक यास अनेक आशीर्वाद.

गावात सध्या बागकामाची साथ आली आहे. हॉफमनने लाउडस्पीकरवरून घोषणा केली की सोहळ्यानिमित्त दफनभूमी हिरवीगार करायची आहे, ज्यांना थुयाच्या दाट झुडपांची रोपं हवीत त्यांनी पंचायतीत नाव द्यावं. का, ते त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरून रोपं आली आणि संध्याकाळपर्यंत संपली. ज्या माणसांनी जन्मात आईच्या कबरीवर झेंडूचं फूल ठेवलं नाही, ती गुडघे टेकून दगडामागे खड्डे खणत आहेत. पाववाल्याने पाच लावली. हॉफमनने बापाच्या दगडामागे एवढी दाट रांग लावली आहे की आत बोकड हरवेल. चोराच्या मनात चांदणं, आणि इथे तर सगळ्या गावाच्या मनात पौर्णिमा पडली आहे.

मजा ही की ज्यांचे दगड सरळ, विकत घेतलेले आहेत, त्यांनी झाडं लावलेली नाहीत. मी हॉफमनला म्हणाले की अरे बाबा, आता कुठला दगड कसला ते आंधळ्यालाही कळेल. तो म्हणाला की द्राहाबाई, तुम्ही तुमच्या वेलीपुरतं बघा.

तर मी वेलीपुरतं बघते आहे आणि मला बरं वाटत नाही. त्या आठ महिन्यांत ओटिलिया आणि मी एकाच चुलीवर रांधत होतो. तिला हाकलून लावलं जाणार हे तिला कळलं होतं, तरी तिने मला पंपाचा दांडा कसा हलवायचा आणि कुठली कोंबडी अंडी लपवते ते दाखवून ठेवलं. जाताना म्हणाली की आईच्या कबरीवर कधीमधी पाणी घाल. मी हो म्हणाले होते. पाणी घातलं विटेक, दर आठवड्याला, पण आपल्या आईच्या बाजूने. आता ती समोर उभी राहिली की मी ‘काळाच्या ओघात’ म्हणायचं? माझ्या तोंडून ते निघायचं नाही.

पुस्तक छापून आलं. दुबचानपेक्षा चार पानं जास्त आहेत, त्यातली तीन जाहिरातींची. तू सोहळ्याला ये. ही लढाई मी एकटीने लढावी असं मला वाटत नाही.

वाट पाहते.

तुझी ताई,
द्राहोमीरा


प्लझेन,
२८ मे १९९६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नाहीत. यार्मिलाने माझी बॅग लपवून ठेवली आहे. सोबत भाषण पाठवतो, ते हॉफमननी वाचावं. ‘मातृभूमी’ या शब्दानंतर थोडं थांबायला सांग.

बाकी माझं म्हणणं मी आधीच लिहिलं आहे. ती बाई दोन तास थांबेल आणि बसमध्ये बसून निघून जाईल. तू तिथेच राहणार आहेस. दोन तास गप्प राहणं तुला जमेल का, हा प्रश्न मी लहानपणापासून विचारत आलो आहे, पण यावेळी जमव. माझ्यासाठी.

लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा,
विटेक


रोकितावा,
२५ जून १९९६

चि. विटेक यास अनेक आशीर्वाद.

सोहळा झाला. बँड वाजला. गुलाश दुबचानच्या लोकांनी संपवला. अग्निशामक पोरांनी पाण्याचा फवारा दाखवताना पाद्रीबुवांना न्हाऊ घातलं. तुझं भाषण हॉफमनने वाचलं आणि ‘मातृभूमी’ नंतर एवढा थांबला की लोकांना संपलं असं वाटून टाळ्या पडल्या. मग पुन्हा कुणी ऐकलं नाही. तुला मानद भूमिपुत्र केल्याचं जाहीर झालं. जग टपालाने पाठवते.

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी सकाळी उठले, चहा ठेवला, आणि मला लख्ख कळलं की इतके दिवस मला भीती वाटते आहे असं मी समजत होते, पण ती भीती नव्हती. मला लाज वाटत होती. चहा तसाच ठेवला, झाडं छाटायची कात्री घेतली आणि दफनभूमीत जाऊन वेल कापली. तीन टोपल्या भरल्या. हॉफमन धापा टाकत आला. म्हणाला की तुम्ही सगळ्या गावाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. मी म्हटलं की तुझं आडनाव आहे हॉफमन, शुद्ध जर्मन, आणि जिच्या येण्याने तुला घाम फुटलाय तिचं वेसेली, शुद्ध झेक. झाकायचंच असेल तर आधी आडनावामागे थुया लाव.

दहा वाजता बस आली. हॉफमन रिवाजाप्रमाणे पाहुण्यांसाठी पाव आणि मीठ घेऊन उभा. त्याने पाठ केलेलं जर्मन स्वागत म्हटलं, आणि सगळ्यांत पुढे उतरलेल्या ओटिलियाने त्याला आपल्या मैदानाच्या अस्सल जुन्या झेक बोलीत उत्तर दिलं. ही बोली आता गावात कुणालाच येत नाही. तिने ती शेजारच्या गावांतल्या झेक पोरांकडून उचलली होती आणि पन्नास वर्षं जशीच्या तशी जपली. हॉफमनला अर्धं कळलं नाही. त्याने दुभाषी बोलावला, तोही डोकं खाजवत उभा. रोकिताव्याची भाषा बोलणारं शेवटचं माणूस बव्हेरियातून यावं लागलं, हे तुझ्या पुस्तकात नाही.

मग मंडळी दफनभूमीत गेली. त्यांनी सगळीकडे नजर टाकली, आणि कुणी काही सांगायच्या आधीच एक आजोबा हसायला लागले. म्हणाले की जिथे जिथे नवी झाडं, तिथे तिथे आपली माणसं. आणि ही सत्तरी उलटलेली म्हातारी पोरं सरळ थुयांमध्ये शिरली. झाडांतून नुसते आवाज येत होते, ही बघ मावशी, हा बघ आमचा मास्तर. हॉफमनच्या बापामागे त्यांना जुने पाद्री सापडले. आपली माणसं फाटकापाशी उभी राहून आपापल्या बुटांकडे बघत होती.

ओटिलिया माझ्याकडे आली. मला बघून म्हणाली की ही तर बकऱ्यांची पोरगी. मी तिला हाताला धरून भिंतीच्या बाजूला नेलं आणि बाजूला झाले. तिने चष्मा लावला. आईचं नाव वाचलं, बोटाने एकेक अक्षरातली माती काढली. मग म्हणाली की वेल कुनी लावली हुती गं, आयला वेल कंदी आवडली न्हाई, गोगलगायी व्हत्यात म्हनायची. मी सगळं सांगितलं. आईने दगड मागून घेतला इथपासून तुझ्या ‘काळाच्या ओघात’पर्यंत. तिने मला नावं ठेवली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली की दगड चांगला हाय, बापाने दोन डुकरं विकून आनला हुता, वाया न्हाई गेला.

मग ती पुढच्या बाजूला आली. आई-बाबांची नावं वाचली आणि विचारलं की ही मोकळी जागा कुनाची. मी म्हटलं, माझ्या भावाची, तोच आत्ता मानद भूमिपुत्र झाला. तिने विचारलं, म्हंजी त्यो वड्यातला का, त्यो तर डोंगरातला हाय. आणि तिला हसू आवरेना. हसता हसता ती हॉफमनच्या बापाच्या कबरीच्या कठड्यावर बसली. मलाही हसू आलं, विटेक, खोटं का सांगू. दोघी म्हाताऱ्या कबरींमध्ये बसून तुझ्यावर हसलो आणि मग मी रडले.

नंतर तिने सहज बोलता बोलता सांगितलं की लग्न केलं नाही, मागे कुणी नाही. तिच्या गावात कबरीची मुदत भरली आणि वाढवायला कुणी आलं नाही की दगड उचलून नेतात. म्हणून जिथे नाव न लावता राख पुरतात अशा हिरवळीत तिने स्वतःची सोय करून ठेवली आहे. तक्रार नव्हती, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलली. आणि मी ऐकलं तर माझं तोंड तिला म्हणत होतं की इथे ये, तुझी आई मागे आहे, तू पुढे ये, जागा आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तू म्हणशील. तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं की अक्षरं किती खोल कोरतात.

तुझी जागा मी तिला दिली आहे, विटेक. कबर माझ्या नावावर आहे, सहीही माझीच चालते. तुला न विचारता दिली, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मग मला तुझा राग आला असता. आता तुला माझा येऊ दे. त्या एका जागेचा तुला रात्री आधार वाटतो, हे मला माहीत आहे. माहीत असून दिली.

गावाचं विचारशील तर पाव मिळतो आहे. पाहुण्यांपैकी एकाने चर्चच्या छपराला मदत कबूल केली, तेव्हापासून हॉफमन थुया उपटायला लावतो आहे. त्याला आता दफनभूमीच्या दारावर पाटी हवी आहे की युरोपात असे दोन्ही बाजूंचे दगड कुठेच नाहीत. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यावर तुझं एक प्रकरणही हवं आहे.

लोभ मागायची आज मला हिंमत नाही. तब्येतीला जप.

तुझी ताई,
द्राहोमीरा


प्लझेन,
९ जुलै १९९६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी चार दिवस कुणाशी बोललो नाही. यार्मिलाच्या मते लग्नानंतरचे हे सर्वांत सुखाचे दिवस होते. जग पोचला. कान तुटलेला आहे. रंगाबद्दल तू आधी कळवलं नाहीस, हे योग्यच केलंस.

मी तुला तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात कायदा होता. दुसऱ्यात आई होती. तिसऱ्यात मी फक्त रागावलो होतो, आणि ते पत्र सगळ्यांत चांगलं उतरलं होतं. पन्नास वर्षं मी जिथे जाईन तिथे ‘आमच्या रोकिताव्यात’ म्हणत आलो, आणि एका बाईने कठड्यावर बसून हसून ते संपवलं. मला फार लागलं, ताई. अजून लागतं आहे.

दुसऱ्या आवृत्तीसाठी १९४६ चं ते वाक्य पुन्हा लिहायला बसलो. म्हटलं, या वेळी एक पान तरी लिहू. ओल्या विजारीत थंडीने काकडत मी मागच्या खोलीत उभा आहे आणि ओटिलिया माझे कपडे तिच्याच चुलीवर वाळवते आहे, असं काहीबाही कागदावर आलं. तिने त्या वेळी माझ्या मुस्कटात मारली होती. ते अंधुक नाही, स्वच्छ आठवतं. भूगोलाच्या पुस्तकात असल्या गोष्टी बसत नाहीत, पण मी पान फाडलेलं नाही. हॉफमनना पाठवतो आहे. छापलं नाही तर त्यांना त्यांचा जग परत करणार आहे.

आता कामाचं. पाथरवटाकडे जा. पुढची बाजू ओटिलियाची, ते मी मान्य करतो. पण मागच्या बाजूला थेरेसियाबाईंच्या नावाखाली किती जागा आहे ते मोजून घे. माझं नाव तिथे कोर. मी ठेंगणा माणूस आहे, अक्षरं लहान चालतील. पस्तीस वर्षं त्या बाई आपल्यापायी भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत. आपल्यापैकी कुणीतरी आता मागे त्यांच्या सोबतीला जायला हवं, आणि तू तर दुबचानला अडकलेली आहेस. ओटिलियाबाईंना पत्र लिहून आधी परवानगी माग. जन्मस्थळ घालायचं झालं तर खरं घाल.

लोभ आहे तो वाढू दे, टोमण्यांसकट.

तुझा धाकटा भाऊ,
विटेक